पिकसाठी धातू कसा निवडावा

पिनांच्या कुलपात एका वेळी दोन हत्यारे शिरतात. पहिले पिक, म्हणजे टोकाशी किंचित वर वळलेली पातळ पोलादी दांडी. ती कुलपाच्या गाभ्यातल्या, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या भागातल्या, पिना एकेक करून उचलते आणि कोणती पिन अडली, कोणती मोकळी आहे हे बोटांना कळवते. दुसरे टेन्शन रेंच, म्हणजे काटकोनात वळवलेली पट्टी. तिचे टोक किल्लीच्या खाचेत अडकवून गाभ्याला हलका पीळ दिला जातो. पिकला उचलायचे असते, रेंचला पीळ धरून ठेवायचा असतो. कामे वेगळी असल्याने धातूही वेगवेगळ्या कसोट्यांवर निवडावा लागतो. कुलपांचा अभ्यास करणारे छांदिष्ट, किल्लीवाल्याचे काम शिकणारे उमेदवार आणि जुन्या कुलपांची दुरुस्ती करणारे कारागीर ही हत्यारे घरी बनवतात. आकार हुबेहूब साधला, पण धातू चुकला, तर कानस चालवण्यात घातलेले तास वाया जातात. म्हणून काम सुरू होते ते पट्टी निवडण्यापासून.

पिकवर भार किती येतो

पिना उचलायला फार जोर लागत नाही. पितळी पिनांमागच्या स्प्रिंगा नाजूक असतात आणि सरावलेला हात अगदी हलक्या दाबात काम करतो. नवशिक्याचा हात मात्र जड असतो. अडलेल्या पिनेवर तो सहज अर्धा किलो वजनाइतका दाब टाकतो. हत्यार हा दाब सोसेल असेच असले पाहिजे.

एक साधे गणित केले की चित्र स्पष्ट होते. पिकची दांडी ०.६ मिलिमीटर जाड, २ मिलिमीटर उंच आणि मुठीपासून टोकापर्यंत ३० मिलिमीटर लांब धरू. टोकावर अर्धा किलो दाब आला की मुठीजवळच्या कडेवर सुमारे ३७५ मेगापास्कल ताण पडतो. साधे मऊ लोखंड २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचे वाकते. भांड्यांसाठी वापरले जाणारे ३०४ जातीचे मऊ स्टेनलेस स्टील त्याच्याही आधी, सुमारे २१० मेगापास्कलला हार मानते. म्हणजे पत्र्याचा तुकडा किंवा चमच्याचा दांडा कापून केलेले पिक पहिल्याच अडलेल्या पिनेवर वाकून बसते. स्प्रिंगच्या पोलादाची मर्यादा हजार मेगापास्कलच्या पुढे असते. तेवढ्याच दाबाखाली ते अर्धा मिलिमीटरभर लवते आणि दाब काढताच मूळपदावर येते.

ताठपणा, ताकद आणि चिवटपणा

धातू निवडताना हे तीन गुण एकमेकांत मिसळले जातात. ते वेगळे ओळखता आले, तर निवड सोपी होते.

ताठपणा म्हणजे ठरावीक दाबाखाली धातू किती कमी लवतो. हा गुण धातूच्या जातीवर ठरतो. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो, टायटॅनियमचा ११०, पितळेचा १००, तर ॲल्युमिनियमचा ७०. पोलाद मऊ असो वा पाणी दिलेले, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेले, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. पाणी दिल्याने पोलाद अधिक ताठ होते, हा समज खरा नाही. तेवढ्याच मापाची मऊ आणि कडक पट्टी सारख्याच दाबाला सारखीच लवते. दाब वाढला की मऊ पट्टी वाकून तशीच राहते आणि कडक पट्टी परत येते, एवढाच त्यांच्यात फरक.

हे परत येणे म्हणजे ताकद. कार्यशाळेत तिला यील्ड म्हणतात. ज्या ताणापर्यंत धातू आपला आकार विसरत नाही, ती ही मर्यादा. पाणी देऊन किंवा थंड स्थितीत लाटून ती वाढवता येते.

तिसरा गुण चिवटपणाचा. मर्यादा ओलांडल्यावर धातू आधी वाकतो की थेट तुटतो, हे त्यावर ठरते. काचेइतके कडक केलेले पोलाद खूप ताण सोसते, पण सोसवले नाही की कटकन तुटते. तुटलेले टोक गाभ्यात अडकले तर ते काढण्यासाठी बहुधा कुलूप खोलावे लागते. म्हणून पिकसाठी सर्वांत कडक पोलाद हे सर्वांत चांगले पोलाद नव्हे. रॉकवेल सी मापावर ४५ ते ५० च्या आसपासचे काठिण्य, म्हणजे ज्याला बाजारात स्प्रिंग टेम्पर म्हणतात ते, या कामाला योग्य. एवढ्या काठिण्याची पट्टी भरपूर लवून परत येते आणि फारच जोर झाला तर तुटण्याआधी वाकून इशारा देते.

जाडी आणि उंची

पिक कुलपात कडेवर उभे राहते. पिना वर ढकलताना ते पट्टीच्या उंचीच्या दिशेने वाकते, जाडीच्या दिशेने नव्हे. या उभ्या दिशेचा ताठपणा जाडीच्या प्रमाणात वाढतो, उंचीच्या बाबतीत मात्र उंचीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी ०.५ वरून ०.६ मिलिमीटर केली तर ताठपणा पाचव्या हिश्श्याने वाढतो. उंची २ वरून अडीच मिलिमीटर केली तर तो जवळजवळ दुप्पट होतो. पिक लवचिक वाटते म्हणून जाड पट्टी शोधत फिरण्यापेक्षा दांडी अर्धा मिलिमीटर उंच ठेवणे केव्हाही फायद्याचे. उंचीला मर्यादा खाचेची असते. खाच अरुंद आणि वेडीवाकडी असेल, तर उंच दांडी आत फिरवता येत नाही.

जाडीचे काम दुसरे आहे. पिक आडवे वळू न देणे आणि खाचेत मावणे, या दोन गोष्टी तिच्यावर अवलंबून. प्रचलित मापे तीन आहेत: ०.३८, ०.५१ आणि ०.६४ मिलिमीटर. मुळात ती इंचाच्या हजाराव्या भागांत मोजली जातात, १५, २० आणि २५. रुंद खाचेच्या साध्या कुलपांना ०.६४ ची पट्टी उत्तम, आणि नवशिक्यानेही इथूनच सुरुवात करावी. अरुंद, नागमोडी खाचेच्या युरोपीय धाटणीच्या कुलपांना ०.५१ किंवा त्याहून पातळ लागते. ०.३८ ची पट्टी जड हातात टिकत नाही. ती नंतरसाठी ठेवावी.

पोलादाच्या जाती

कार्बन स्प्रिंग पोलाद हा या कामाचा जुना धातू. अमेरिकी पद्धतीत १०९५ आणि १०७५ या क्रमांकांनी तो ओळखला जातो. १०९५ मध्ये सुमारे एक टक्का कार्बन असतो, १०७५ मध्ये सुमारे पाऊण टक्का. भारतीय बाजारात ईएन ४२जे या नावाने याच घराण्यातली पट्टी मिळते. आधीच पाणी देऊन टेम्पर केलेली, म्हणजे पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवलेली, निळसर किंवा चकचकीत पट्टी मागावी. मऊ, अॅनील केलेली पट्टी कापायला सोपी असली, तरी तिला नंतर पाणी देण्याची वेळ येते आणि घरच्या घरी ते नीट जमणे कठीण. पिनेचा स्पर्श बोटांपर्यंत पोहोचवण्यात कार्बन पोलाद उत्तम मानले जाते. त्याचा एकच मोठा दोष आहे, गंज.

३०१ जातीचे स्टेनलेस स्टील हा दुसरा भरवशाचा पर्याय. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम आणि ६ ते ८ टक्के निकेल असते. ते पाणी दिल्याने कडक होत नाही. थंड स्थितीत लाटता लाटता कडक होत जाते. त्यामुळे ते पाव, अर्ध्या आणि पूर्ण कडक अशा प्रतींत विकले जाते. पूर्ण कडक प्रतीची यील्ड मर्यादा सुमारे ९६५ मेगापास्कल असते आणि ती सुमारे १२७५ मेगापास्कल ताणापर्यंत तुटत नाही. शिवाय हा धातू चिवट आहे. त्याचे पिक सहसा एकदम तुटत नाही, आधी वाकते. पट्टी घेताना प्रत विचारून घ्यावी. मऊ ३०१ आणि पूर्ण कडक ३०१ दिसायला सारखेच असतात, पण पिकच्या कामात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

४२० जातीच्या स्टेनलेसमध्ये १२ ते १४ टक्के क्रोमियम असते आणि त्याला पाणी देता येते. त्यासाठी सुमारे हजार अंश सेल्सिअसची भट्टी लागते. म्हणून ते आधीच कडक केलेल्या पट्टीच्या रूपातच घ्यावे. ३०१ पेक्षा ते थोडे अधिक कडक आणि थोडे कमी चिवट असते.

टायटॅनियमची पिके बाजारात मिळतात. ती गंजत नाहीत आणि हलकी असतात. पण पोलादाच्या निम्म्याच ताठपणामुळे तेवढ्याच मापाचे टायटॅनियमचे पिक दुप्पट लवते. महाग आणि कापायला अवघड असल्याने घरगुती कामाला ते परवडत नाही. पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम यांचा विचारच करू नये. ३०४ चे भांड्याचे स्टीलही याच यादीत धरावे.

पट्टी मिळते कुठे

मोटार गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात ते फिलर गेज हा नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचा साठा आहे. एका संचात ०.०५ पासून १ मिलिमीटरपर्यंत जाडीची पाती असतात. ती पाणी देऊन टेम्पर केलेल्या पोलादाची असतात, रुंदी साधारण १२ ते १३ मिलिमीटर असते आणि प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली असते. ०.५०, ०.५५, ०.६० आणि ०.६५ ची पाती पिकसाठी, ०.८० ते १.०० ची रेंचसाठी. मोजण्याची, शोधण्याची यातायात वाचते. पात्याची लांबी १०० मिलिमीटरच असेल, तर वेगळी मूठ बसवावी लागते.

लोखंड कापायच्या करवतीचे पाते, म्हणजे हॅक्सॉ ब्लेड, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. हाताच्या करवतीचे पाते ३०० मिलिमीटर लांब, १३ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ०.६५ मिलिमीटर जाड असते, म्हणजे जाडी पिकला हवी तेवढीच. पण पाती तीन तऱ्हांची असतात आणि घेताना त्यांतला फरक पाहिला पाहिजे. संपूर्ण कडक पाते वाकवले की काचेसारखे फुटते, ते पिकला घेऊ नये. ज्याचे फक्त दातच कडक केलेले असतात, त्याची पाठ मऊ असते आणि ते वाकून राहते. बायमेटल पात्यात हायस्पीड पोलादाची दातेरी पट्टी चिवट स्प्रिंग पोलादाच्या पाठीला वेल्ड केलेली असते. दात घासून काढले की उरते ती पाठ पिकसाठी फार चांगली. दुकानात तिन्हींपैकी एकच घ्यायचे असेल, तर बायमेटल मागावे.

मोटारीच्या वायपरच्या रबरात दोन्ही बाजूंनी स्टेनलेसच्या अरुंद पट्ट्या असतात. जुना वायपर बदलला की त्या फेकून दिल्या जातात. त्यांची टेन्शन रेंच उत्तम होतात. रस्ते झाडणाऱ्या यंत्राच्या झाडूचे चपटे पोलादी तंतू हा छंदातला आणखी एक प्रसिद्ध साठा. १९९१ सालच्या ‘एमआयटी गाइड टु लॉकपिकिंग’ या पुस्तिकेत त्यांची शिफारस आहे. हे तंतू तुटून रस्त्याच्या कडेला पडतात आणि त्यांचा धातू स्प्रिंगच्याच प्रतीचा असतो.

पेपर क्लिप, बाइंडिंग वायर आणि डब्याचा पत्रा यांचा उपयोग आकार समजून घेण्यापुरताच. मोजायच्या टेपचे पाते स्प्रिंगचे असले तरी फार पातळ आणि वक्र असते. छत्रीच्या काड्या स्प्रिंगच्या असतात, पण त्यांचा आडवा छेद पन्हळीसारखा असल्याने त्यांतून सपाट पट्टी निघत नाही. मोठ्या पेट्यांना बांधतात त्या पोलादी पॅकिंग पट्ट्या मध्यम प्रतीच्या. त्यांवर कानस चालवण्याचा सराव करावा, कायमचे हत्यार करू नये.

मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी हे हत्यारांचे व हार्डवेअरचे जुने बाजार आहेत. स्प्रिंगच्या पट्ट्यांची चौकशी तिथे करावी. जाडीच्या खात्रीसाठी मायक्रोमीटर किंवा व्हर्निअर बरोबर ठेवावा.

अनोळखी पट्टीची परीक्षा

भंगारातून मिळालेल्या पट्टीवर जात लिहिलेली नसते. चार परीक्षा लावल्या की तिची लायकी कळते.

पहिली परीक्षा वाकवण्याची. पट्टीचे एक टोक व्हाइसमध्ये घट्ट धरावे आणि दुसरे सुमारे ३० अंश वाकवून सोडावे. ती सरळ परत आली तर पुढे जावे, थोडी वाकून राहिली तर सोडून द्यावे. ही परीक्षा करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजा हवाच. संपूर्ण कडक पाते तुटले तर तुकडे उडतात.

दुसरी कानशीची. कानस लोण्यासारखी घुसली तर पट्टी मऊ आहे. ती नुसतीच घसरत राहिली आणि पट्टीवर ओरखडाही उठला नाही, तर पट्टी कानशीइतकीच कडक, म्हणून ठिसूळ. कानस चावते, पण जोर मागते, आवाज किंचित किरकिरतो आणि बारीक भुगा पडतो, ती पट्टी हवी तशी आहे.

तिसरी ग्राइंडरवरची. पट्टीची कडा फिरत्या दगडाला हलकेच टेकवावी. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, त्यांना भरपूर फांद्या असतात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि जवळजवळ सरळ असतात. निकेलवाल्या स्टेनलेसच्या ठिणग्या आखूड, थोड्या आणि तांबूस-नारिंगी.

चौथी चुंबकाची. ४२० आणि कार्बन पोलाद चुंबकाला घट्ट चिकटतात. मऊ ३०४ चिकटत नाही. कडक लाटलेले ३०१ थोडे चिकटते, कारण लाटताना त्याची अंतर्गत रचना काही अंशी बदलते. त्यामुळे चुंबकाला चिकटते म्हणून ते स्टेनलेस नव्हे, असा निष्कर्ष काढू नये. चुंबकाची परीक्षा एकटी कधीच पुरेशी नसते. ती पहिल्या दोन परीक्षांच्या जोडीनेच लावावी.

उष्णतेपासून जपावे

चांगली पट्टी मिळाल्यावर ती बिघडते ती बहुधा ग्राइंडरवर. पिकचे टोक एवढे बारीक असते की तिथे उष्णता साठते आणि दोन-तीन सेकंदांत रंग चढतो. कार्बन पोलादाच्या घासलेल्या चकचकीत पृष्ठावर २०० ते २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा रंग येतो, २४० ला गर्द पिवळा, २५५ च्या सुमारास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. त्यापुढे करडेपणा येतो. स्प्रिंगची पट्टी मुळात याहून अधिक तापमानाला टेम्पर केलेली असते, म्हणून नुसत्या पिवळ्या झाकेने ती मऊ पडत नाही. पण पातळ टोक निळ्यावर थांबत नाही. निळा दिसेपर्यंत ते करडे झालेलेही असते आणि तेवढा भाग कायमचा मऊ होतो. पिवळा दिसला की थांबायचे, ही सवय लावून घ्यावी. शेजारी पाण्याचे भांडे ठेवावे, पट्टी उघड्या बोटांनी धरावी आणि बोटांना चटका जाणवण्याआधी ती पाण्यात बुडवावी. मोजे घातल्यास हा इशारा मिळत नाही आणि फिरत्या दगडाजवळ ते अडकण्याचाही धोका असतो. ढोबळ आकार ग्राइंडरवर काढून शेवटचे काम कानशीनेच करावे.

स्टेनलेसवर हे रंग अधिक तापमानाला येतात, पण लाल होईपर्यंत तापलेले ३०१ परत कडक करण्याचा घरगुती मार्ग नाही. लाटून आलेला कडकपणा एकदा गेला की गेला.

मऊ पट्टीचा आकार करून नंतर पाणी देण्याचा विचार मनात आला, तर त्याचे कष्ट आधी मोजावेत. १०९५ ला सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवावे लागते. पोलादाला चुंबक चिकटेनासे होते ते सुमारे ७७० अंशांना, त्यावरून तापमानाचा अंदाज बांधता येतो. अर्ध्या मिलिमीटरची पट्टी तेलात वाकडी होते, ज्योतीत तिच्या पृष्ठावरचा कार्बन जळतो आणि नंतर टेम्पर न केल्यास ती काचेसारखी फुटते. जो धातू तयार टेम्पर केलेला मिळतो, तो मिळवून थंड स्थितीतच घासणे हा शहाणपणाचा मार्ग.

टेन्शन रेंचचा धातू

रेंचला पीळ सोसायचा असतो आणि खाचेच्या तोंडाशी नीट बसायचे असते. म्हणून त्याला अधिक जाड पट्टी लागते. खाचेच्या खालच्या बाजूला बसणाऱ्या रेंचला ०.८ मिलिमीटरपर्यंत पट्टी चालते. वरच्या बाजूला, पहिल्या पिनेच्या समोर बसणारे जाड रेंच १ ते १.२५ मिलिमीटरचे असते. ते लवत नसल्याने गाभ्याची बारीकशी हालचालही बोटाला कळते.

इथे ३०१ कार्बन पोलादापेक्षा सरस ठरते, कारण ते थंड स्थितीत वाकवता येते. वाकवताना आतल्या कोपऱ्याची गोलाई जाडीच्या दुप्पट-तिप्पट ठेवावी. व्हाइसच्या धारदार कडेवर वाकवले तर बाहेरच्या बाजूला केसासारखी भेग पडते. पट्टी लाटली जाते त्या दिशेला धातूचे दाणे लांबट होतात. वाकवण्याची रेषा या दिशेला आडवी असावी. लांब पट्टीतून लांबीच्या दिशेने कापलेल्या रेंचमध्ये हे आपोआप साधते. सोडल्यावर पट्टी थोडी परत येते, म्हणून काटकोनासाठी नव्वद अंशांच्या पुढे वाकवावे.

कार्बन पोलादाची पट्टी थंड स्थितीत तीव्र कोनात वाकवली की तुटते. वाकवण्याची जागा तेवढीच लाल करून, वाकवून, हळूहळू थंड होऊ द्यावी. तेवढा भाग मऊ राहील, हे धरूनच रेंचची रुंदी ठरवावी. ॲलन कीचे टोक दोन्ही बाजूंनी घासून केलेले रेंच हा आणखी एक चांगला पर्याय. वाक आधीच तयार असतो आणि पोलादही टणक असते.

कडा, झिलई आणि गंज

कापलेल्या पट्टीच्या कडेवर धारदार कूस राहते. ती पितळी पिनांना चरे पाडते आणि खाचेत अडकून हाताला खोटे संकेत देते. कानशीनंतर ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ८०० आणि शेवटी १००० किंवा १२०० चा, असा क्रम ठेवावा. घासण्याची दिशा दांडीच्या लांबीची असावी. आडवे ओरखडे राहिले तर दांडी वाकताना भेगेची सुरुवात तिथूनच होते. दांडी मुठीला मिळते त्या जागी काटकोनी खाच कधीही सोडू नये. सर्वांत जास्त ताण तिथेच असतो. तिथे निदान २ ते ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई हवी. चांगल्या धातूची पिके तुटतात ती बहुतेक या कोपऱ्यातूनच.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या दमट हवेत कार्बन पोलाद पावसाळ्यात थोड्याच दिवसांत तांबूस पडते. घामाचा हात लागला तर त्याहूनही लवकर. काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा आणि हत्यारे कापडी पिशवीऐवजी झाकणाच्या डबीत ठेवावीत. समुद्रकाठी राहणाऱ्याने सरळ ३०१ घ्यावे.

वापराची मर्यादा

या छंदाच्या संस्था युरोपात तीस वर्षांच्या आसपास काम करत आहेत. जर्मनीतली एसएसडीईव्ही १९९७ साली स्थापन झाली आणि टूल ही संस्था नेदरलँड्समधली. या छंदात जगभर दोन नियम पाळले जातात: स्वतःच्या मालकीच्या किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेल्या कुलपावरच हात चालवावा, आणि दाराला लावलेल्या, वापरातल्या कुलपावर सराव करू नये. दुसरा नियम तांत्रिक कारणानेही महत्त्वाचा आहे. पिनांना पडलेले चरे आणि आत तुटलेले टोक यांमुळे घराचे दार किल्लीनेही उघडेनासे होते.

कायद्याची बाजूही माहीत हवी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात वाजवी कारणाशिवाय घरफोडीचे हत्यार जवळ सापडणे हा गुन्हा आहे. कारण वाजवी होते हे सिद्ध करण्याची जबाबदारीही ते बाळगणाऱ्यावरच येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये चोरीविषयक १९६८ च्या कायद्याचे कलम २५ चोरीच्या उद्देशाने अशी साधने घराबाहेर बाळगण्याला लागू होते. जपानने २००३ मध्ये योग्य कारणाशिवाय कुलूप उघडण्याची खास हत्यारे बाळगण्यावर बंदी घातली. परदेशात राहणाऱ्या मराठी छांदिष्टांनी त्या त्या देशाचा कायदा पाहूनच हत्यार करावे. ही हत्यारे घराबाहेर खिशात घेऊन हिंडण्याची वस्तू नव्हे. ती सरावाच्या कुलपांसोबत घरातच ठेवावीत.

पहिल्या संचासाठी निवड अवघड नाही. पिकसाठी ०.६० किंवा ०.६५ चे फिलर गेजचे पाते किंवा दात घासलेले बायमेटल हॅक्सॉ ब्लेड, रेंचसाठी वायपरची स्टेनलेस पट्टी किंवा पूर्ण कडक ३०१. एवढ्यावर सुरुवात करावी, सगळे काम थंड स्थितीत करावे आणि पट्टी व्हाइसमध्ये वाकवून पाहिल्याशिवाय तिच्यावर कानस चालवू नये.